देशात मोठी दुर्घटना घडली की श्रद्धाळू माणसाने काय करावं? नुसती प्रार्थना पुरते का?

नाही पुरत. पण प्रार्थनेने कुणाचं काही बिघडतही नाही. बिघडवतात ते प्रार्थना उरकून प्रवचनाला बसणारे. ‘पाप वाढलं म्हणून देवाने दाखवून दिलं’ हे वाक्य आम्ही लातूर-धाराशिवकडच्यांनी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. पूर असो, अपघात असो, बॉम्बस्फोट असो, वाक्य तेच.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंपच घ्या. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते पडले होते. सुमारे 10 हजार माणसं गेली. भूकंप मात्र 6.2 च्या आसपासचा, जगाच्या हिशेबात फार मोठा नव्हे. माणसं मारली ती भिंतींनी. दोन-अडीच फुटी दगडी भिंत, आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे चिखल आणि कपच्या. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. हादरा बसला की भिंत पोटातून फुगते. बाहेरचा थर बाहेर पडतो, आतला अंथरुणावर. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, जुना काढायचा कंटाळा. असं करत माती फूट-दीड फुटावर जाते. ती कोसळली की दबलेल्या माणसाच्या नाकातोंडात आधी धूळ जाते. कित्येक घरांत सागवानी खांब-तुळया तशाच उभ्या होत्या आणि भिंती जमिनीवर. यात कुणाचं पाप शोधता?

अशी माळवदं आजही गावोगावी आहेत. सप्त्याच्या पंगतीत वाढायला जेवढी पोरं असतात तेवढी दोन दिवस घमेली घेऊन वर चढवा. माती 8 इंचांवर आणायची, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरायचा म्हणजे पुन्हा थर चढवायची वेळ येत नाही. आधी खालून किलच्यांना, म्हणजे मातीखालच्या लाकडी पट्ट्यांना, वाळवी आहे का ते टोचून बघा. माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा. एका कडेला ढीग घातला तर तीच कड बसते. खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे लाकडी टेकू मारा. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळईचा आकडा आणि काँक्रीट भरतात. शेजारशेजारची भोकं एका वेळी पाडायची नाहीत. हे मात्र गवंड्यानेच करावं, भजनी मंडळाने नाही.

आमच्या भागातल्या एका कीर्तनकारांशी माझा यावर जुना वाद आहे. त्यांच्या मते दुर्घटना ही लोकांना देवाकडे वळवायची वेळ. माझं म्हणणं, ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला काही शिकवायला जाऊच नका. महाराजांची गरज असते, पण ती दुसरीकडे, मढ्यांपाशी. रोगराई पसरेल म्हणून घाईने एकत्र सरण रचायचा आग्रह धरला जातो. ती भीती खोटी आहे: भूकंपात, पुरात, अपघातात गेलेल्यांच्या देहांमुळे साथ येत नाही. म्हणून आधी ओळख. प्रत्येक देहाला नंबर, चेहऱ्याचा सरळ फोटो, अंगावरचे कपडे, दागिने, गोंदण, आणि कुठल्या घरातून निघाला ते वहीत. त्या घराला तोच नंबर. वस्तू काढून वेगळ्या ढिगात टाकल्या की ओळख कायमची गेली. मग विचारायचं, जाळायचं की पुरायचं. आमच्याकडे लिंगायत पुरतात, मुसलमान दफन करतात. सरसकट अग्नी दिला तर मागे राहिलेला माणूस आयुष्यभर तेच उगाळत बसतो. दहाव्याला पिंड ठेवायचा तर अस्थी कुणाच्या? इथे जंगम, मौलाना, भंते, महाराज एका सतरंजीवर बसले तर ती श्रद्धा मी मानतो.

सामानाचं थोडक्यात. जुने कपडे पाठवू नका. किल्लारीच्या वेळी ते रस्त्याकडेला भिजत पडले होते. अंगावरचं लुगडं सोडून सगळं गेलेल्या बाईला दुसऱ्याचा फाटका झंपर देणं याला करुणा म्हणत नाहीत. ट्रक भरण्याआधी तिथल्या तलाठ्याला नाहीतर सरपंचाला फोन करा. पूर असेल तर पीठ नको, चूल भिजलेली असते. ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मऊ भाकरी गरम असतानाच पिशवीत कोंबली तर वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी बुरशी. फडक्यावर पसरून पूर्ण गार करा. बादली, तवा, काडेपेटी, चटई, सॅनिटरी पॅड या गोष्टी नेमक्या विसरतात. जनावरं वाचली असतील तर कडबा, मोठ्या जनावराला दिवसाला सहा-सात किलो धरा. वर ताडपत्री हवीच. भिजलेला कडबा पोचेपर्यंत कुजतो. आणि वाटताना फोटो काढू नका.

आता रक्तदान. पहिल्या दिवशी रांगा लावून सगळ्यांनी दिलं की तांबड्या पेशींच्या पिशव्या 35 ते 42 दिवसांत बाद होतात, प्लेटलेट तर 5 दिवसांत. आणि ज्याने दिलं तो पुरुष 90 दिवस, बाई 120 दिवस पुन्हा देऊ शकत नाही. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशनं चालू असताना दाते गायब. रक्तपेढीत नाव नोंदवा, बोलावतील तेव्हा जा. ओ निगेटिव्हवाल्यांनी फोन चालू ठेवावा.

पैसे द्यायचे तर मुख्यमंत्री सहायता निधीत ऑनलाइन द्या, पावती मिळते. देणगीवरची आयकर सवलत हवी असेल तर रोख 2 हजारांच्या वर देऊ नका, आणि ही सवलत जुन्या करप्रणालीतच आहे.

हे सगळं मी भूकंप-पूर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. पहलगामसारख्या हल्ल्यात ट्रक-बिक काही लागत नाही. तिथे गावातल्या श्रद्धांजली सभेत नावं वाचा, सगळी 26 वाचा, पर्यटकांना वाचवताना गेलेल्या तिथल्या मुसलमान घोडेवाल्याचंही. भाषणं नकोत. आमचे महाराज हे वाचत असतील तर त्यांनाही हेच सांगणं आहे.