गुह्याचं गूज कसं झालं? (वाचकांचे प्रश्न, शब्दांची उत्तरं)

प्रश्न: आमच्या सोसायटीत चातुर्मासात ज्ञानेश्वरी वाचतात. नवव्या अध्यायात 'अंतःकरणींचें गुज' असं आलं आणि तिथेच चर्चा सुरू झाली की हे गुज म्हणजे आपल्या हितगुजातलंच का? हितगुज म्हणजे तर गप्पाटप्पा, मग भगवंत काय अर्जुनाशी गप्पा मारत बसले होते? एकीचं म्हणणं पडलं की शब्द गुजरातीतून आलाय. खरं काय ते सांगा.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, गुजरातीला यातून आधी मोकळं करूया. गुजरात, गुजराती हे गुर्जर या नावावरून आलेलं, त्याचा गुजाशी काही संबंध नाही. कुजबुज पण वेगळी, तो नुसता आवाजावरून पडलेला शब्द आहे.

गूज आलंय 'गुह्य' वरून. संस्कृतात गुह् म्हणजे झाकणं, लपवणं, त्यावरून गुह्य म्हणजे झाकून ठेवायची गोष्ट. प्राकृतात त्याचं झालं गुज्झ आणि मराठीत येईपर्यंत गूज. ऐकायला ओढूनताणून वाटेल पण हा रस्ता चांगला मळलेला आहे, मह्यम् चं मज्झ आणि त्यावरून आपलं माझा, संध्येची संझा आणि मग सांज, मध्य चं मज्झ आणि मग माज (कंबर या अर्थी, मस्तीवाला माज नव्हे). ह्य आणि ध्य या दोघांचाही प्राकृतात ज्झ होतो आणि पुढे मराठीत कधी झ राहतो कधी ज, एवढीच गंमत.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो. गीतेचा नववा अध्याय सुरू होतो तोच 'इदं तु ते गुह्यतमं' असा, म्हणजे सगळ्यात झाकलेलं जे आहे ते तुला सांगतो. पुढच्याच श्लोकात राजविद्या राजगुह्य येतं. म्हणजे शब्द एकदम भारदस्त, कुलूपबंद. आणि बरोब्बर त्याच जागेवर ज्ञानेश्वर काय म्हणतात तर अंतःकरणींचें गुज! अर्थ तोच, मूळ तेच, पण ऐकताना कुलूप वाटत नाही, कोणीतरी जवळ बसून सांगतंय असं वाटतं. माझ्या मते हा निव्वळ भाषांतराचा भाग नाही, त्यामागे त्यांचा एक आग्रह आहे, झाकलेलं सगळ्यांसाठी उघडं व्हावं असा.

कारण अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे ते सरळ तक्रारच करतात, 'वेदु संपन्नु होय ठाईं । परि कृपणु ऐसा आनु नाहीं । जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि ॥' वेद श्रीमंत खरा पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा कोणी नाही, का तर तो फक्त तीन वर्णांच्या कानाशी लागला. बाकीच्यांचं काय, स्त्रिया, शूद्र, त्यांना दार बंद. आणि मग ते म्हणतात की ही उणीव भरून काढायला वेद गीतेच्या रूपाने परत आला. शके १२१२, म्हणजे १२९० साली, नेवाशात बसून मराठीत हे बोलायचं म्हणजे काय हे जरा डोळ्यासमोर आणा. 'कानीं लागला' हे शब्द पण बघा, गुह्य नेहमी कानातच सांगायचं असायचं, म्हणून तर कानमंत्र. (आता करिअरचा कानमंत्र आणि वजन कमी करायचा कानमंत्र पेपरात रोज छापून येतो, तो भाग सोडा.)

अजून एक जागा सांगतो, ती मला फार आवडते. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं, म्हणजे योगात शरीरात सुप्त मानलेल्या शक्तीचं, वर्णन आहे, नाथपंथातली अगदी आतली गोष्ट, गुरूने शिष्यालाच द्यायची. तिथे 'पिंडें पिंडाचा ग्रासु । तो हा नाथसंकेतींचा दंशु' (शरीराने शरीरच गिळायचं, हे नाथांच्या खुणेतलं मर्म) असं म्हणून ते सांगतात की श्रीविष्णूंनी याचा नुसता इशारा दाखवून सोडून दिलं, आणि लगेच पुढच्या ओवीत म्हणतात की त्या इशाऱ्याचं गाठोडं मी सोडलं, त्यातली खऱ्या अर्थाची घडी झाडून पसरली, कारण ऐकणारे गिऱ्हाईक आहेत हे मला कळलं. कापडवाल्याची भाषा आहे ही! तागा उलगडून दाखवावा तसं पंथाचं गुपित श्रोत्यांपुढे टाकलं. स्वतः नाथपरंपरेतला माणूस हे करतोय, गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून ह्यांना आलेलं.

राहिला प्रश्न भगवंत गप्पा मारत होते का. एका अर्थी हो, आणि त्यात कमीपणा काही नाही. गीतेतच चौथ्या अध्यायात कृष्ण म्हणतो की तू माझा भक्त आणि सखा आहेस म्हणून हे उत्तम रहस्य तुला सांगितलं. सख्याला सांगतो ते गूजच की. हितगुजातलं हित पण तेच, भल्याची गोष्ट विश्वासाने सांगणं. पुढे त्याचा अर्थ पातळ होत गेला, आता मंत्रीमहोदय शेकडो लोकांशी माईकवरून हितगुज साधतात, त्यात ना हित ना गूज.

आणि मूळ गुह्य शब्दाचं काय झालं ते पण ऐका. तो तसाच्या तसा मराठीत राहिला पण रोजच्या वापरात आज तो बहुतेक दवाखान्यात भेटतो, गुह्यभाग, गुह्यरोग वगैरे. मूळ संस्कृत रूप डॉक्टरांकडे गेलं आणि झिजलेलं मराठी रूप प्रेमाच्या बोलण्यात राहिलं, भाषेत असे उलटे प्रकार होतात.

प्रश्न: गूढ, गुपित आणि रहस्य हे एकच का? मुलाला नववीला समानार्थी शब्द म्हणून तिन्ही दिलेत, पण गीतारहस्यात तर काही लपवलेलं दिसत नाही.
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर: परीक्षेत तिन्ही लिहू द्या, मार्क जाणार नाहीत. पण घराणी वेगळी आहेत.

गूढ हे वरच्याच गुह् चं रूप, झाकलं गेलेलं. मुह् चं मूढ, रुह् चं रूढ तसं गुह् चं गूढ. गुहा पण त्यातलीच. उपनिषदांत गुहा म्हणजे डोंगरातली नव्हे तर बहुतेक वेळा हृदयातली जागा, तैत्तिरीय उपनिषदात ब्रह्म 'निहितं गुहायां', गुहेत ठेवलेलं, म्हटलंय, आणि कठोपनिषदात तर आत्म्यालाच गूढ म्हटलंय, सगळ्यांत आहे पण झाकलेला म्हणून दिसत नाही. म्हणजे गूढ गोष्ट कोणी मुद्दाम लपवलेलीच असेल असं नाही, ती तिच्या स्वभावानेच झाकलेली असू शकते. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण गुपित मात्र कोणीतरी राखलेलं असतं. ते आलंय गुप् वरून, म्हणजे सांभाळणं, रक्षण करणं, गुप्त आणि गोपनीय त्याचेच भाऊबंद.

रहस्य तिसरंच. रहस् म्हणजे एकांत, एकांतात सांगायचं ते रहस्य. मनुस्मृतीत वेद 'सरहस्य' शिकावा असं आहे, तिथे रहस्य म्हणजे उपनिषदांची विद्या असा अर्थ टीकाकार घेतात. बाजूला बसवून सांगायची ती महत्त्वाची गोष्ट, म्हणून रहस्याला मर्म, गाभा असाही अर्थ चिकटला. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ साली छापून आलेलं गीतारहस्य या दुसऱ्या अर्थाचं आहे, गीतेचं मर्म काय तर कर्मयोग, असं त्यांना म्हणायचंय, पुस्तकाच्या नावातच पुढे 'अथवा कर्मयोगशास्त्र' आहे बघा. खून कोणी केला टाइपचं रहस्य हे त्या मानाने अलीकडचं पीक. हिंदीवाले मिस्टिसिझमला रहस्यवाद म्हणतात, आपल्याकडे गूढवाद म्हणतात, आणि मला आपला शब्द जास्त पटतो, कारण तिथे कोणी कोणापासून काही लपवत नसतं.

प्रश्न: नवनाथांच्या पोथीत 'अलख निरंजन' म्हणतात. अलख म्हणजे काय? आणि निरंजन म्हणजे देवापुढे लावतो ते का?
— एक वाचक, नगर

उत्तर: अलख म्हणजे अलक्ष्य, जे लक्षात येत नाही, नजरेला दिसत नाही ते. अलक्ष्य, अलक्ख, अलख असं झिजत आलं. नाथपंथी जोगी दारात येऊन हे ओरडतात, म्हणजे जे दिसत नाही त्याचंच नाव मोठ्याने घेतात.

निरंजनातलं अंजन म्हणजे काजळ. ज्याला कसलं काजळ, डाग, लेप नाही तो निरंजन. देवापुढचं ते निरांजन, काना आहे त्यात, आणि ते आलंय संस्कृत नीराजन वरून, म्हणजे ओवाळणं. युद्धाला निघण्याआधी घोडे, हत्ती, शस्त्रं ओवाळायचा राजांचा विधी असायचा त्यालाही नीराजनच म्हणत. आरतीच्या अर्थाने शब्द घरात आला आणि मग ज्याने ओवाळायचं त्या दिव्यालाच चिकटला. दोन्ही शब्द कानाला जवळजवळ सारखे म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास 'निरंजन लावून आरती करा' असं फिरत असतं, तिथे निरांजन हवं.