'मार्चिंग'ला मराठी शब्द कोणता: संचलन, कूच की मोर्चा?

मुलाच्या निबंधात शाळेतल्या २६ जानेवारीचं वर्णन आहे, त्यात 'मार्चिंग'साठी कोणता शब्द लिहावा, असं तुम्ही विचारलंय. तिथे 'संचलन' लिहा. मात्र महिनाभर आधी मैदानावर चालतो तो सराव 'मार्चिंग'च. मी शाळेत आणि कॉलेजात एनसीसीत होतो, आमच्यात "आज संचलन आहे का रे?" असं कोणी विचारल्याचं आठवत नाही. उन्हात घाम गाळायचा ते मार्चिंग, पाहुण्यांसमोर व्हायचं ते संचलन.

मार्चिंग म्हणजे नुसतं पाय आपटणं नव्हे. 'तेज चल' म्हटलं की पहिला डावा पाय, ३० इंचांचं पाऊल, मिनिटाला साधारण १२० पावलं. नवख्या मुलांचा हमखास डावा हात डाव्या पायाबरोबरच पुढे जातो, आणि सांगितल्यावर तर जास्तच गोंधळतात. त्यावर मला दिसलेला उपाय एकच, भरपूर कदमताल. जागच्या जागी पाय उचलत राहायचं, शेजाऱ्याचा ताल कानात बसेपर्यंत.

पोलीस सणासुदीला किंवा निवडणुकीआधी रस्त्यांवरून शिस्तीत फिरतात, त्याला बातम्यांत 'पथसंचलन' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो.

'कूच' वेगळं. त्यात ताल नाही, मुक्काम हलवून निघणं आहे. फौज कूच करते आणि मजल दरमजल करत पुढे सरकते. शाळेच्या पटांगणावर कोणी कूच करत नाही!

'मोर्चा' मूळचा फारसी, आणि त्याचा जुना अर्थ चालण्याचा नव्हेच. वेढा घालताना आडोसा करून तोफा-बंदुका लावायची जागा म्हणजे मोर्चा. 'मोर्चेबांधणी'त तो अर्थ अजून शिल्लक आहे. आज मात्र मागण्या घेऊन निघालेली माणसं म्हणजे मोर्चा. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर शेतकरी चालत आले, त्याला आपण 'लाँग मार्च'ही म्हटलं आणि 'मोर्चा'ही. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून पहाटे आझाद मैदान गाठलं. त्यांच्या चालण्याला 'संचलन' म्हणणं मला तरी जमणार नाही.

आणि हो, मार्च महिन्याशी याचा संबंध नाही. महिन्याचं नाव मार्स या रोमन युद्धदेवतेवरून आलं. चालण्याचा 'मार्च' इंग्रजीत फ्रेंचमधून आला.