नोकरी धरू की गेम बनवू?

जून-जुलैत इंजिनिअरिंगचे निकाल लागले की हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येतोच. कधी मुलगा स्वतः विचारतो, कधी त्याची आई रडवेली होऊन फोन करते. कॅम्पसमधून नोकरी लागली आहे, पण मुलाला घरी बसून स्वतःचे कॉम्प्युटर गेम बनवायचे आहेत, काय करावं? हे इतक्यांदा ऐकलं, की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. निनादची गोष्ट (नाव बदललं आहे) त्याच्या आणि वडिलांच्या परवानगीनं सांगते.

निनाद कराडजवळचा, वडील एसटीत कंडक्टर. पुण्यात शिकला, शिक्षणासाठी कर्ज काढलेलं. हिंजवडीतल्या एका कंपनीचं ऑफर लेटर हातात होतं आणि रुजू व्हायला सात आठवडे उरले होते. दुसरीकडे चौदा महिने रात्री जागून बनवत आणलेला गेम होता. खेळणारा त्यात मुक्कामी गाडीचा कंडक्टर असतो. संध्याकाळी डेपोतून निघायचं, घाटातल्या वाड्यावस्त्या घेत तिकिटं फाडायची, रात्री शेवटच्या गावी गाडी लावायची.

पहिल्याच भेटीत त्यानं एक्सेल शीट उघडली. नोकरीच्या बाजूनं अकरा मुद्दे, गेमच्या बाजूनंही अकराच.

“स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम एकट्या माणसानं साडेचार वर्षं खपून बनवला, मॅडम. मलाही सगळं सोडूनच उतरलं पाहिजे.”

घरी जाऊन मी तो बनवणाऱ्या एरिक बॅरोनबद्दल वाचलं. २०११ मध्ये पदवी घेतल्यावर त्याला नोकरी मिळत नव्हती. प्रोग्रॅमिंगचा हात बसावा, नोकरीच्या अर्जात काही दाखवता यावं, म्हणून त्यानं हा गेम सुरू केला. २०१६ मध्ये गेम बाजारात येईपर्यंत तो सिअ‍ॅटलच्या एका थिएटरात अर्धवेळ काम करत होता, आणि घर मुख्यतः जोडीदारीण सांभाळत होती. म्हणजे ‘सगळं सोडून’ असं काही नव्हतंच. पुढच्या भेटीत हे सांगितलं तर निनाद गप्प झाला, पण हलका काही झाला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अडलंय दुसरीकडेच.

तिसऱ्या भेटीत मी शीट बाजूला ठेवायला लावली.

“तुझा गेम आजवर किती जणांनी खेळलाय?”

“अजून दाखवण्यासारखा झाला नाही.”

“चौदा महिन्यांत कुणीच नाही?”

“नाही.”

“आणि दाखवला, अन् कुणाला आवडला नाही तर?”

तो बराच वेळ खिडकीकडे बघत बसला. “मग मी काय उरलो, मॅडम? बाकी कशात मी चांगला नाही.”

नोकरी की गेम, हा प्रश्न त्याला सोडवायचाच नव्हता. तो जोवर लोंबकळतोय तोवर गेम कुणापुढे ठेवावा लागत नव्हता, म्हणून निनाद सुरक्षित होता. ‘उतरलंच पाहिजे’, ‘चाललाच पाहिजे’ यांतला ‘च’ मी अशा मुलांच्या बोलण्यात नेहमी ऐकते. माझा पिंड अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारावर पोसलेला आहे. माणसाच्या कृतीचं मोल करावं, अख्ख्या माणसाचं करू नये, हे मी वीस वर्षं सांगत आले. पण हे ऐकून कुणाला पटत नाही, त्यातून जावं लागतं. म्हणून सांगितलं, पुढच्या वेळी लॅपटॉप आण आणि बाबांना घेऊन ये.

बाबा ड्यूटी बदलून आले. खुर्चीच्या कडेला अवघडून बसले. पडद्यावर गाडी, प्रवासी, वर घंटीची दोरी. त्यांनी दोरीवर क्लिक केलं. काही झालं नाही. पुन्हा दोनदा केलं. गाडी ढिम्म.

“डबल बेल दिली की रे. सुटत का नाही?”

घंटी कीबोर्डवरच्या ‘बी’ बटणाला जोडलेली होती. निनादचा हात पुढे झाला. मी म्हटलं, “हात मागे. सांगायचं नाही.” चार मिनिटं गेली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्या चार मिनिटांत मीही काही बोलले नाही, आणि माझ्या आजवरच्या कामातल्या चांगल्या क्षणांत मी ती धरते. शेवटी बाबांना बटण सापडलं, गाडी निघाली, आणि ते खेळात शिरले.

“सुट्ट्याची भांडणं कुठायत ह्यात? सुट्टे नसले की आम्ही तिकिटामागं बाकी लिहून देतो. माणूस उतरताना विसरतो, अन् मग मुक्कामाला झोपताना त्याचेच सात रुपये डोक्यात फिरतात.”

निनादनं वही ओढली आणि लिहायला लागला. लिहिता लिहिता मान वर करून म्हणाला, “मॅडम, दोरी चुकलीय माझी.” आवाजात भीती नव्हती. दोरी चुकली होती, निनाद नव्हे.

त्यानंतर निर्णयाला एकच भेट लागली. ऑगस्टमध्ये तो नोकरीवर रुजू झाला. प्रत्येकानं हेच करावं असं मी म्हणणार नाही. पण डोक्यावर कर्ज असेल आणि गेम अजून अनोळखी माणसानं खेळलेला नसेल, तर मी नोकरीकडेच झुकते. गेमसाठी घर गहाण टाकायला माझा ठाम विरोध आहे. नोकरी न धरता गेमच करायचा असेल, तर किती महिने आणि किती रुपये हे आधी कागदावर लिहून आईवडिलांसमोर ठेवा.

नोकरी धरणाऱ्यांनी सही करण्याआधी करारपत्र वाचावं. नोकरीच्या कामात तयार केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कंपनी असते, आणि काही करारपत्रं फावल्या वेळातल्या कामावरही हक्क सांगतात. निनादनं एचआरला ईमेल करून गेमला लेखी परवानगी घेतली. गेमसाठी स्वतःचाच लॅपटॉप वापरायचा, हेही ठरवलं.

आणि पहिला गेम लहान करा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात एक गेम ठेवायला शंभर डॉलर भरावे लागतात, विक्रीतला साधारण तीस टक्के वाटा ते ठेवतात. त्याआधी इच.आयओ या वेबसाइटवर फुकट ठेवून बघता येतं. निनादनं चौदा महिन्यांच्या कामातून वीस मिनिटांचा एकच फेरा कापून काढला आणि दिवाळीत तिथे ठेवला. आता दोरी ओढली की घंटी वाजते.

तिकिटामागच्या बाकीचं अजून जमलेलं नाही. दर रविवारी बाबा फोनवर तेवढंच विचारतात.