वकिली सोडून मंत्रालयात?

प्रश्न : मी तालुक्याच्या कोर्टात नऊ वर्षं दिवाणी वकिली करते आहे. विधी व न्याय विभागात जायची संधी आहे. सासरे म्हणतात, ‘चांगली वकिली सोडून कारकुनी कशाला?’ पुढेमागे जिल्हा न्यायाधीशाची परीक्षा द्यायचंही मनात आहे. काय करू?
— एक वकील, सांगली जिल्हा

उत्तर : परीक्षेचं आधी बघू, कारण घोडं तिथेच अडतं. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित करावी लागते. राज्यघटनेचा अनुच्छेद २३३(२) वकिलांमधून थेट जिल्हा न्यायाधीश नेमताना किमान सात वर्षांची वकिली मागतो, आणि ती अर्ज करताना चालू असली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने दीपक अग्रवाल प्रकरणात (२०१३) सांगितलं. सरकारतर्फे कोर्टात उभे राहणारे सरकारी वकील त्यात बसतात. मंत्रालयात बसून सरकारला कायदेशीर अभिप्राय लिहून देणारे नाहीत. तेव्हा न्यायाधीश व्हायचंच असेल तर आधी ती परीक्षा द्या.

तसं नसेल तर बेलाशक या. मी साताऱ्याची प्रॅक्टिस सोडून आले आणि सहसचिव म्हणून निवृत्त झाले. सुरुवातीला करमेना. अशील नाही, तारीख नाही, भांडायला समोरचा वकीलही नाही! एका नियमाच्या मसुद्यात होतं, ‘आदेशाच्या तारखेपासून तीस दिवसांत अपील’. कोर्टात मी अशिलाच्या सोयीचा अर्थ काढून तावातावाने बोलले असते. इथे साहेबांनी शांतपणे विचारलं, ‘बाई, आदेश पोस्टाने पंचविसाव्या दिवशी हातात पडला तर?’ मग आम्ही मुदत आदेश मिळाल्यापासून धरली. त्यामुळे किती जणांचं अपील वाचलं असेल, त्यांना माझं नावही ठाऊक नाही.

हे सोसणार असेल तरच या. २५ नोव्हेंबर १९४९ला बाबासाहेबांनी संविधान सभेत मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जींचं नाव घेऊन कौतुक केलं होतं. गुंतागुंतीचा प्रस्ताव सोप्या, स्वच्छ कायदेशीर भाषेत मांडण्याची त्यांची हातोटी दुर्मीळ, असं ते म्हणाले. तरी आज तुमच्या बार रूममध्ये मुखर्जी कोण, हे विचारून बघा.

सासऱ्यांना सांगा, कारकुनी आहेच. फक्त तिथे लिहिलेल्या टिपणीवर सरकारने अपिलात जायचं की नाही, ते ठरतं.

आणि हो, रुजू होण्याआधी चालू दाव्यांत दुसरा वकील देऊन प्रत्येक पक्षकाराला फाईल लेखी पोच घेऊन परत करा. बार कौन्सिलचं सनद स्थगितीचं पत्र जपून ठेवा. निवृत्तीनंतर सनद पुन्हा सुरू करताना मला तेच पहिलं लागलं.