कॅनडातल्या प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या सपाट गवताळ मुलखात, मैलामैलावर एकेक घर असतं म्हणे. तिथल्या शेतकऱ्याला आपल्यासारखं 'गाव' असतं का, की जन्मभर एकटाच?

हाच प्रश्न मला 2011 साली पडला होता. मी राहुरीला शिकलेला, घर बार्शीकडचं. सस्कॅचवान प्रांताच्या दक्षिणेला पीक-सल्लागार म्हणून काम करतो. म्हणजे उन्हाळाभर दुसऱ्यांच्या शेतात गुडघे टेकून मसुराची पानं उलटून बघायची.

पहिल्याच दिवशी रस्ता चुकलो. चुकायचं खरं तर कारण नव्हतं, अख्खा मुलूख पट्टीने आखल्यासारखा आहे. एक मैल लांब, एक मैल रुंद असा 640 एकरांचा एक 'सेक्शन', कडेने खडीचे सरळ रस्ते, आणि लांबवर कुठेतरी झाडांचा पुंजका. पुंजका दिसला की तिथे घर आहे असं समजायचं. पार नाही, वेस नाही, गावठाण नाही. समोरून आलेल्या पिकअपमधल्या म्हाताऱ्याने स्टीअरिंगवरचं एक बोट उचललं. काहीतरी दाखवतोय असं वाटून मी मागे वळून पाहिलं. तो रामराम होता. इथे सगळे तसाच घालतात, ओळख असो नसो.

ते आजोबा तेव्हा 84 वर्षांचे होते. 2018 साली, 91व्या वर्षी गेले. त्यांच्याबद्दलच लिहितो. नाव देत नाही. तिथली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना नावाने हाक मारायची, माझ्या तोंडून मात्र ते शेवटपर्यंत निघालं नाही.

त्यांच्या वडिलांनी 10 डॉलर भरून 160 एकर मिळवले होते. 1872च्या कायद्याखाली सरकार तशी जमीन वाटत होतं. अट अशी की तीन वर्षं तिथे राहायचं, घर उभं करायचं आणि ठरलेले एकर गवताळ रान फोडून लागवडीला आणायचं. जमीन ओसाड पडली होती असं आजोबांना शाळेत शिकवलेलं. ती क्री, सोटो वगैरे मूळनिवासी लोकांची होती आणि 1874च्या करारानंतर त्यांना राखीव वस्त्यांत सारलं गेलं, हे आपल्याला सत्तरी उलटल्यावर नीट कळलं, असं त्यांनीच मला सांगितलं. सांगून झाल्यावर बराच वेळ नुसते खिडकीबाहेर बघत बसले.

त्यांच्या घरी जेवायला गेलो की टेबलावर ताटं पालथी मांडलेली असायची. वाढायच्या क्षणी सुलटी करायची. ही 1930च्या दशकातल्या धुळीची सवय. तेव्हा वर्षानुवर्षं पाऊस नाही, वारा मात्र जोरात, आणि नांगरून मोकळी केलेली माती आभाळात. 1937च्या 5 जुलैला यलो ग्रास नावाच्या गावात 45 अंश तापमान नोंदलं गेलं. त्या वर्षी प्रांतात गव्हाचा उतारा एकरी तीन बुशेलही पडला नाही, म्हणजे ऐंशी किलोच्या आतच. आजोबा तेव्हा दहा वर्षांचे. पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून लोक मोटारीचं इंजिन काढून तिला घोडे जुंपायचे आणि पंतप्रधान बेनेट यांच्या नावाने तिला 'बेनेट बग्गी' म्हणायचे. आजोबा शाळेला त्याच गाडीतून गेले. ऐंशी वर्षांनी, एअर कंडिशनर लावलेल्या घरातही ताटं पालथीच राहिली.

आता तुमच्या गावाच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे माणसं पारावर भेटतात, तिथे ती कमिटीत भेटतात. मला आधी याचं हसू यायचं. चारशे वस्तीचं खेडं, आणि सभागृहाची कमिटी, कर्लिंगच्या (बर्फावर दगड सरकवायचा खेळ) बर्फाची कमिटी, कब्रस्तानाची कमिटी. पण त्या उघड्या माळावर एकट्याच्या जोरावर काहीच मिळण्यासारखं नव्हतं. व्यापारी भाव पाडतात म्हणून शेतकऱ्यांनी 1923-24मध्ये घरोघर फिरून करार गोळा केले आणि सहकारी 'व्हीट पूल' उभा केला. रेल्वेलाइनीवर पूर्वी दर थोड्या मैलांनी जी उंच लाकडी धान्याची कोठारं दिसायची, एलेव्हेटर म्हणतात त्यांना, त्यांतली बरीचशी त्याच पूलची होती. आजोबांचे वडील करारावर सही करणाऱ्यांतले, आजोबा पुढे स्थानिक समितीवर. 1949च्या कायद्याने खेड्यांत वीज यायची सोय झाली तेव्हा शेजाऱ्यांच्या सह्या आणि पैसे गोळा करत फिरणारेही हेच. तारा ओढायला खर्च फार, एकट्या घरासाठी कोण येणार?

सगळ्यांत रंगून ते 1962ची गोष्ट सांगायचे. 1 जुलैला सस्कॅचवानने सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य विमा सुरू केला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच, आणि त्याच दिवशी बहुतेक डॉक्टर संपावर गेले. 23 दिवस. शेजारी शेजाऱ्याशी बोलेना, चर्चमध्ये बाकं बदलली गेली. आजोबा तालुक्याच्या दवाखान्याच्या मंडळावर होते आणि योजनेच्या बाजूने. पलीकडच्या सेक्शनवाला विरोधात. त्या दोघांचं आधीच पाण्याच्या चरावरून वाकडं होतं (बांध नसला तरी बांधाची भांडणं असतातच!), त्यात ही भर. अकरा वर्षं अबोला. आजोबा तसे देवमाणूस वगैरे नव्हते, हट्टी होते, आणि अबोला मोडायला पहिलं पाऊल त्यांनी टाकलं नाही हे स्वतःच कबूल करायचे.

त्यांच्या पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा असायचा. सभागृह, चर्च, रिंक (बर्फावरच्या खेळांचं मैदान), बंद पडलेली शाळा. नव्वदीतही जानेवारीत पहाटे पाचला उठून रिंकचा बर्फ बघायला जायचे, बाहेर उणे तीस असलं तरी. सून ओरडायची. तिकडून परस्पर चाळीस किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात. आजींना विस्मरणाचा आजार होता, नवऱ्याला ओळखत नव्हत्या. हे रोज जाऊन त्यांना दुपारचं जेवण भरवायचे आणि भरवताना गव्हाचे भाव सांगायचे. मी एकदा सोबत होतो. आजींनी मान हलवून "कमी आहे" असं म्हटलं. हे खूश.

घरात दैनंदिन्या होत्या, 1948पासूनच्या. रोज एक ओळ. लग्नाच्या दिवशीची मला दाखवली होती: "उणे 4 फॅरनहाइट. लग्न. रात्री गाय व्यायली."

मसुरामुळे आमचं जमलं. तिथे वर्षाचं पाणी, पाऊस आणि बर्फ धरून, साधारण 350 ते 400 मिलिमीटर. बार्शीपेक्षाही कमी. म्हणून पूर्वी बरीचशी जमीन एक वर्षाआड पड ठेवायची रीत. सस्कॅचवान विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी 1978 साली 'लेअर्ड' आणि 1980 साली 'एस्टन' ही मसुराची वाणं दिली, तेव्हा पड जमिनीत आजोबांनी मसूर पेरला. शेजारी हसले. पण मसुराचा बेवड, म्हणजे त्याने जमिनीत मागे ठेवलेला कस, गव्हाला मानवला, आणि खाणारं गिऱ्हाईक सातासमुद्रापार बसलेलंच होतं. तुमच्या आमटीतला मसूर इकडचा असण्याची शक्यता बरीच आहे.

2017च्या शेवटी भारताने आधी वाटाण्यावर 50 टक्के आणि मग मसूर-हरभऱ्यावर 30 टक्के आयात शुल्क लावलं. आजोबांनी मला गाठलं. "तुमच्या लोकांनी डाळ सोडली का?" मी त्यांना माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. त्याच वर्षी तूर इतकी पिकली होती की 5,050चा हमीभाव कागदावर, आणि वडील खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरवर तीन रात्री झोपलेले. आजोबा ऐकत राहिले, मग म्हणाले, "मग बरोबर केलं त्यांनी." जरा थांबून, "पण मला परवडत नाही."

सप्टेंबर 2018मध्ये, ऐन काढणीत ते गेले. मुलगा दफनाच्या गडबडीत, गहू उभा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेतावर पोचलो तर रस्त्यावर धूळ उठलेली: एकामागून एक अकरा कम्बाइन, म्हणजे कापणी-मळणीची यंत्रं, मागे धान्याचे ट्रक. कोणी बोलावलं नव्हतं. पहिल्या कम्बाइनवर त्या पाण्याच्या चरवाल्याचा नातू. ओळीने लागले आणि अंधार पडायच्या आत अख्खा सेक्शन संपवला. डिझेलचे पैसे विचारले तर कोणी ऐकूनच घेईना.

रात्री वडिलांना फोन करून सगळं सांगितलं. "इर्जिकच की ही," ते म्हणाले. आमच्याकडे इर्जिकीला, म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात बिनमजुरी मदतीला, आलेल्यांना पोटभर वाढल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणून त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, "जेवायला काय केलं होतं?"

"शेताच्या कडेला टेबलं लावली होती. सँडविच, आणि सस्कॅटून बेरीचा 'पाय', म्हणजे तिथल्या रानफळांचं सारण भरून भाजलेला पदार्थ."

"म्हणजे गोड होतं."

"होतं."

"मग बरं."