बिग बँडसोबत परदेशात टूरवर राहणं नेमकं कसं असतं?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंनी लिहिलंय की ते लातूरचे, वय 22, घरच्या बँडपार्टीत ट्रम्पेट वाजवतात, आणि यूट्यूबवर ते पांढरे कोट घातलेले मोठे जॅझ बँड बघून त्यांच्या डोक्यात शिरलंय की आपणही असं देशोदेशी वाजवत फिरावं. पैसे मिळतात का, राहणं-खाणं कसं असतं, आपल्याला घेतात का, असं विचारलंय.

मी परभणीचा. आमचीही घरची बँडपार्टी, वडील मास्तर. 2018 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मी असल्याच एका बँडबरोबर 5 आठवडे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड फिरून आलोय, तिसरा ट्रम्पेट म्हणून.

आता तिसरा ट्रम्पेट म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सगळं त्यातच आलं. बिग बँडला साधारण 17 माणसं असतात, पुढं 5 सॅक्सोफोन, त्यांच्या मागं 4 ट्रॉम्बोन, सगळ्यात मागं उंचावर 4 ट्रम्पेट आणि एका बाजूला पियानो, गिटार, बास, ड्रम. चार ट्रम्पेटमधला पहिला म्हणजे लीड, वरचे फाडून टाकणारे सूर त्याचे. सोलो बहुतेक दुसऱ्याला नाहीतर चौथ्याला. तिसरा म्हणजे मधला भराव. भिंतीतल्या विटांमधला गिलावा समजा, असला तर कुणी बघत नाही, नसला तर भिंत पडती. गाण्याची चाल माझ्या कागदावर जवळपास कधीच नसायची, नुसते मधले सूर, ते बी कुठून कुठं उड्या मारणारे, एकट्यानं खोलीत वाजवले तर बायको म्हणायची हे काय वाजवायलाव.

आणि आपण आलोय कुठून, तर परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघाला की ज्याचा आवाज मारुतीच्या देवळापर्यंत जातो तो खरा वाजवणारा, असं मानणाऱ्या घरातून. पहिल्या रिहर्सलला मी दाबून वाजवलं, मला वाटलं दाखवून देऊ. लीड वाजवणारे आजोबा साठीच्या पुढचे, डच होते. त्यांनी दोन गाणी काही म्हटलं नाही, तिसऱ्याला माझ्याकडं न बघताच म्हणाले की मला तू ऐकू यायला लागलास. मी खुश झालो की, थँक्यू म्हटलो! चौथ्या ट्रम्पेटवाल्यानं नंतर चहाच्या वेळी समजावून सांगितलं की ती तारीफ नव्हती.

काम असं की लीड सूर जेवढा लांब धरंल तेवढाच आपण धरायचा, तो सोडंल तिथंच सोडायचा, तो सूर हलवंल तेवढाच आपण हलवायचा. श्वास सुद्धा त्याच्याबरोबर. आणि दुसरी गोष्ट म्हणजे स्विंग. कागदावर दोन सूर सारख्या लांबीचे लिहिलेले असतात पण वाजवायचे सारखे नाहीत, एका ठोक्याचे तीन भाग धरा, पहिले दोन भाग एका सुराला आणि उरलेला एक दुसऱ्याला, म्हणजे चाल जरा लंगडत जाती. लय वाढली की हे लंगडणं कमी कमी होत जातं आणि किती कमी ते कुठंच लिहिलेलं नसतं, ते कानानं घ्यायचं. आपण ताशाबरोबर वाढलेली माणसं, आपला हात सरळ चालतो, मला हे जमायला टूरचे पहिले 8-10 दिवस गेले आणि तोवर मी हळू वाजवून वेळ मारून नेली, खरं सांगतो.

हा बाजा आपल्याला परका आहे असं मात्र समजू नका. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, कान देऊन ऐका, त्यांच्याकडं चिक चॉकलेट नावानं ओळखले जाणारे गोव्याचे ट्रम्पेटवाले होते, मुंबईच्या हॉटेलांत त्यांचा स्वतःचा बँड असायचा आणि तिथं हेच संगीत चालायचं. म्हणजे आपण लहानपणापासून हेच ऐकलंय, फक्त नाव माहीत नव्हतं.

बरं, टूर. 24 तासांतले 2 तास वाजवणं, बाकी बस. सकाळी 9 ला हॉटेल सोडायचं, 300-400 किलोमीटर, दुपारी 4 ला हॉलवर, साउंड चेक, जेवण, शो, रात्री 12 ला दुसरं हॉटेल. शहर बघायला मिळतं ह्या भ्रमात राहू नका, व्हिएन्ना मी बघितलं म्हणजे हॉलच्या मागच्या दारासमोरची कचराकुंडी बघितली. तिकडं ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं थांबावंच लागतं, कायदाच आहे, मशिनीत सगळी नोंद होती, त्यामुळं पोचायला कितीबी उशीर होवो, तो बाबा शांतपणे डबा उघडून बसतो. हायवेवर संडासला जायचं तर तेव्हा 70 सेंट टाकून फिरतं दार उघडावं लागायचं, म्हणजे तेव्हाचे 55-56 रुपये. पहिल्या दिवशी मी गेलोच नाही. ती पावती दुकानात दाखवली की 50 सेंट वळते व्हायचे हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

थंडीचं सांगायलाच पाहिजे. पितळी बाजा गार झाला की सूर उतरतो कारण आतली हवा गार, तिच्यात आवाजच हळू चालतो. मे महिन्यात परभणीला 43-44 डिग्रीत आपला बाजा चढतो आणि क्लॅरोनेटवाल्याशी भांडण होतं, ते उलटं करा. बाजा बसच्या डिकीत ठेवायची चूक मी एकदा केली, हॉलवर काढला तर बर्फाच्या कांडीसारखा, वर माउथपीस असा अडकून बसला की निघंना. पकडीनं ओढू नका, नळी पिळवटती. त्याचा वेगळा पुलर येतो, लीड आजोबांच्या पेटीत होता म्हणून निभावलं.

ओठांचं तर विचारूच नका. लग्नात आपण 10-10 तास वाजवतो पण मधी थांबत थांबत, चुकलं तरी ताशा झाकून घेतो. इथं सव्वादोन तास, पण एकेक सूर उघडा. एका रविवारी दुपारी एक आणि रात्री एक असे दोन शो होते, रात्रीच्या दुसऱ्या भागात माझा वरचा ओठ सुजून बधिर, फुंकतोय आणि नुसती हवा. चौथ्यानं माझ्या कागदावर नजर टाकून माझे 2-3 महत्त्वाचे सूर उचलले, स्वतःचे सोडून. बाहेर कुणाला कळलं नाही. त्यानं नंतर विषय सुद्धा काढला नाही.

एक गंमत. ट्रम्पेटच्या तोंडावर धरून वाव-वाव आवाज काढायला जे म्यूट वापरतात ते म्हणजे संडास तुंबल्यावर वापरतो ना, त्या पंपाचं रबर. खरंच तेच, सगळे मोठमोठे वाजवणारे तेच वापरतात. मी परभणीत हार्डवेअरच्या दुकानातून 60 रुपयाला घेतला आणि दांडा काढून बॅगेत टाकला. मुंबई विमानतळावर सिक्युरिटीवाल्या मॅडमनी तो दोन बोटांत धरून विचारलं, हे काय आहे. म्हटलं वाद्य आहे. त्यांनी साहेबाला बोलावलं. शेवटी तिथंच बाजा काढून वाजवून दाखवावं लागलं, मागं रांग उभी.

खाण्याचं म्हणाल तर शोच्या आधी गरम जेवण द्यायचं हे कॉन्ट्रॅक्टातच लिहिलेलं असतं, हॉलवाला देतो, बसून, आधी. आपल्याकडं वाजंत्र्याला शेवटच्या पंगतीला कोपऱ्यात बसवतात ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. पहिल्या दिवशी माझ्यासमोर ताट आलं तेव्हा मी इकडं-तिकडं बघितलं, पाव्हणे जेवलेत का म्हणून. पण जेवण म्हणजे बटाटा, ब्रेड, चीज, परत बटाटा. मी घरून येसर, म्हणजे आमटीचं भाजलेलं मसाला-पीठ, नेला होता, हॉटेलच्या खोलीत चहाची किटली असती त्यात पाणी उकळून येसर टाकला की आमटी तयार, ब्रेड बुडवून खायचा. किटली कितीबी घासली तरी वास जात नाही, माझ्यानंतर त्या खोलीत ज्यांनी चहा केला त्यांची माफी मागतो.

पैसे. मला एका शोचे 120 युरो, शो नसंल त्या दिवशी जेवणापुरते 25. 24 शो झाले. विमान, हॉटेल त्यांचं. युरो तेव्हा 80 च्या आसपास होता, हिशोब तुम्हीच करा, चांगले आहेत, पण वर्षात अशी एकच टूर मिळाली आणि दुसऱ्या वर्षी मिळालीच नाही हे बी धरा. कायम पगार हवा असंल तर क्रूझ शिपचा शो बँड बरा, मी आधी तिथंच दोन कॉन्ट्रॅक्ट केली आणि ह्या टूरची ओळख बी तिथल्याच बँडलीडरमुळं झाली. व्हिसाला निमंत्रण पत्र, कॉन्ट्रॅक्ट, शोची तारीखवार यादी आणि किमान 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, कामाची परवानगी त्यांच्या ऑफिसनं काढली, ती आपल्याला जमत नाही. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं दोनदा मुंबईला हेलपाटा झाला. आणि जाताना विमानतळावर कस्टमकडून बाज्याचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, सिरियल नंबर टाकून, नाहीतर येताना तुमचाच बाजा तुम्ही बाहेरून आणला म्हणून ड्युटी मागतील.

आपल्याला घेतात का, तर घेतात, पण वाचता आलं पाहिजे. आपल्या बँडपार्टीत सगळं कानावर चालतं, तिथं मला व्हिडिओ कॉलवर कागद दाखवला, एक मिनिट बघ म्हटले आणि वाजव. मला नोटेशन चुलत्यांनी शिकवलं होतं, ते पोलीस बँडमध्ये होते म्हणून. तुम्ही लातूरमध्ये रिटायर झालेला एखादा पोलीस किंवा मिलिटरी बँडवाला गाठा, अशी माणसं असतात आणि शिकवायला आनंदानं तयार असतात. सुरुवातीलाच हे समजून घ्या की ट्रम्पेटच्या कागदावर सा म्हणून पेटीची पांढरी एक पट्टी लिहिली असली तरी निघती काळी पाच, नाहीतर पियानोबरोबर बसल्यावर घाम फुटंल.

परत आलो तेव्हा लग्नसराई सुरूच होती. मानवतची सुपारी होती, परण्याला उभा राहिलो आणि सवयीनं शेजारच्याचा आवाज ऐकत, त्याच्यात मिसळून वाजवायला लागलो. पाचच मिनिटांत वडील पुढून मागं आले, कानाशी तोंड आणून म्हणाले, आवाज कुठं ठेवून आलास रे? मागं डीजे होता. मग काय, दाबून वाजवलं.