एए मीटिंगला जायचंय, पण तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर?

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू इच्छिणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा समूह. त्याची मीटिंग शोधायची कशी, आत काय चालतं आणि सोसायटीतलं कोणी दिसलं तर काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्या एका भीतीपायी मी स्वतः दोन महिने घालवले.

आमच्या भागातली मीटिंग मनपाच्या शाळेत भरते, दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला. पहिल्या वेळी मी समोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहून आत जाणाऱ्यांना बघत बसलो आणि तसाच परत फिरलो. घरी जाताना बारमध्ये शिरलो. पुढच्या वेळीही तेच. तिसऱ्यांदा गेटवर एका काकांनी हटकलं, "मीटिंगला ना? चला, मीही तिकडेच निघालोय." वर्गात लहान मुलांचे बाक, फळ्यावर अर्धवट पुसलेला भागाकार, आणि तिसऱ्या बाकावर चक्क आमच्या कंपनीतल्या स्टोअरचा माणूस! त्याने सरकून मला जागा करून दिली. आज 7 वर्षं झाली, कंपनीत त्याच्या तोंडून याबद्दल एक अक्षर निघालेलं नाही. तो तिथे ज्या कारणासाठी बसला होता, त्याच कारणासाठी मी आलो होतो. एएमध्ये आडनाव सांगावं लागत नाही, आणि तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं. तरीही धाकधूक वाटत असेल तर 'क्लोज' मीटिंग कधी असते ते विचारा. तिला फक्त दारू सोडू इच्छिणारेच येतात. 'ओपन' मीटिंगला घरचे किंवा इतर कोणीही बसू शकतात.

त्याआधी एक गोष्ट, आणि ही कृपा करून टाळू नका. तुम्ही रोज पीत असाल, सकाळी हात थरथरत असतील, तर मीटिंगच्या उत्साहात एका दिवसात दारू तोडू नका. अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरांना किती पिता ते खरं सांगा. ते औषधं देतील, गरज असेल तर दाखल करून घेतील. मीटिंग त्यांच्या उपचाराच्या जोडीला आहे, त्याऐवजी नाही.

शोधणं तसं सोपं आहे. एए इंडियाच्या वेबसाइटवर शहरानुसार समूहांची माहिती मिळते. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446 आहे, कॉल मोफत आहे, तिथून जवळच्या केंद्राचा पत्ता घेता येतो. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातही चौकशी करा, तुम्ही तिथले पेशंट नसलात तरी चालेल. पुण्याजवळ असाल तर 1986 साली सुरू झालेलं मुक्तांगण आहेच. गावात काहीच नसेल तर ऑनलाइन मीटिंग असतात, मराठीतूनही. माझं मत विचाराल तर काहीच नसण्यापेक्षा ऑनलाइन बरं, पण शेजारी बसलेल्या माणसाची सर त्याला नाही.

आत काय होतं? तास-दीड तास माणसं एकामागून एक बोलतात. नाव सांगायचं, 'मी अल्कोहोलिक आहे' म्हणायचं आणि आपलं जे घडलं ते सांगायचं. मध्ये कोणी तोंड घालत नाही, कोणी उपदेश करत नाही. तुम्हाला बोलायचं नसेल तर "आज फक्त ऐकतो" म्हणा, चालतं. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल तो त्यात टाकतो, कारण बाहेरून देणगी घ्यायची नाही असा त्यांचा नियम आहे. देवाचा उल्लेख येतो. मी देव मानत नव्हतो, अजूनही मानत नाही, तरी मला कोणी बाहेर काढलेलं नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट.

'मी त्यांना त्रास द्यायला का जाऊ' असं तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे. ते माझ्या मनात राहिलं. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल नावाचा एक माणूस धंद्याच्या कामासाठी आला होता. दारू सुटून त्याला काही महिनेच झाले होते. काम फिसकटलं, हॉटेलात एकटा पडला आणि पिण्याची ओढ लागली. तेव्हा त्याने फोन फिरवून दुसरा दारुडा शोधला, कारण त्याच्याशी बोललो तर आपण वाचू, हे त्याला कळलं होतं. असे त्याला डॉक्टर बॉब भेटले. डॉक्टरांनी 10 जूनला शेवटचा घोट घेतला आणि तोच एएचा स्थापना दिवस मानतात. म्हणजे मुळात गरज होती ती आधी सोडलेल्या माणसाला. तुम्ही नवे म्हणून येता तेव्हा आम्हाला आमचे जुने दिवस समोर दिसतात आणि आमचा आजचा दिवस कोरडा जातो. त्रास कसला, तुमची वाट बघत असतो आम्ही.

म्हणून मीटिंग संपली की लगेच पळू नका. चहाला थांबा, दोघातिघांचे नंबर घ्या आणि रात्री ओढ लागली तर पहिला घोट घेण्याआधी त्यातला एक लावा. एक मीटिंग आवडली नाही तर दुसऱ्या समूहात जा, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो. घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्या वेगळ्या मीटिंग असतात. बायकोला तिकडे जायचं असेल तर तिला अडवू नका, तिनेही खूप सोसलेलं असतं.

समूहाचा नंबर मिळाला की फोनवर सांगून ठेवा, "मी नवीन आहे, गेटवर कोणीतरी थांबा." थांबतात. आमच्या शाळेच्या गेटवर दर गुरुवारी सव्वासातपासून आता मी उभा असतो.